‘पॉइंट’ काढणाऱ्याकडे आधी रीडिंगचा कागद मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘वेगळ्या वाटा’ छापून येतात. त्यात भूभौतिकशास्त्राचा उल्लेख आला, की भूजल क्षेत्राबद्दल एक वाक्य ठरलेले असते: हा तज्ज्ञ यंत्राने जमिनीतले पाणी शोधून देतो. हे वाक्य वाचून या शाखेकडे येणारा विद्यार्थी पहिल्याच उन्हाळ्यात गोंधळतो आणि त्याच समजुतीने त्याला बोलावणारा शेतकरी पैसे गमावतो. म्हणून हे पत्र.

यंत्रावर पाणी दिसत नाही. रेझिस्टिव्हिटी मीटर जमिनीत वीज सोडतो, तिला किती विरोध होतो ते मोजतो, आणि त्यावरून खाली मुरूम किती जाड आहे, काळा पाषाण कुठे सुरू होतो, मधे मांजऱ्या खडकाचा (बारीक पोकळ्या असलेल्या बेसाल्टचा) थर आहे का, याचा अंदाज बांधता येतो. त्यात पाणी असेल की नाही, हा पुढचा निष्कर्ष. तो आसपासच्या विहिरी, नाल्याचा उतार आणि खडकाची माहिती जुळवून काढायचा असतो. महाराष्ट्राचे ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बेसाल्टचे आहे. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या भागात, सांध्या-भेगांत, सच्छिद्र थरांत आणि दोन लाव्हाथरांच्या जोडावर असते. बाकीचा पाषाण कोरडा. त्यामुळे चांगल्या भूभौतिकतज्ज्ञाची निम्मी किंमत ‘इथे बोअर घेऊ नका’ या सांगण्यात असते. व्यवहारात मात्र या सल्ल्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतो.

आधी वाटेबद्दल. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित, किंवा भूशास्त्र, आणि नंतर भूभौतिकशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण हा सरळ रस्ता. आयआयटी मुंबई, खरगपूर, रुरकी, धनबादची आयएसएम, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया ही ठिकाणे मराठी विद्यार्थ्यांना सहसा माहीत असतात. आयआयटीसाठी ‘जॅम’ परीक्षा द्यावी लागते. नोकरीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची ‘कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट’ परीक्षा आहे. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकतज्ज्ञ आणि केंद्रीय भूजल मंडळात भूभौतिक शाखेचा सायंटिस्ट-बी निवडला जातो. पूर्व परीक्षा ४०० गुणांची, मुख्य ६०० आणि मुलाखत २०० गुणांची. मूळ वेतन सातव्या आयोगाच्या दहाव्या स्तरावर, म्हणजे ५६,१०० रुपयांपासून. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.लाही या पदाची दारे उघडी असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जाहिरातीतली अट मात्र स्वतः वाचावी, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नये. राज्यात पुण्याला मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. संशोधनाची ओढ असेल तर हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था. देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टरमधून जलधरांचा प्रायोगिक नकाशा करण्याचे काम झाले त्यात ही संस्था होती, आणि त्या सहांत नागपूर जिल्ह्यातले एक पाणलोट क्षेत्रही होते.

सरकारी जागा थोड्या. बाकीच्यांना खासगी सल्लागारीच करावी लागते आणि तिथे केवळ बोअरच्या ‘पॉइंट’वर पोट भरत नाही. सबस्टेशन, सौर प्रकल्प आणि पवनचक्क्यांच्या अर्थिंगसाठी मातीची रोधकता (रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा विरोध; ती ओहम-मीटरमध्ये मोजतात) मोजून द्यावी लागते. यंत्र तेच, फक्त मांडणी ‘वेनर’ नावाची, म्हणजे जमिनीत ठोकायच्या चारही सळया सारख्या अंतरावर. पाझर तलाव कुठून गळतो, पुनर्भरणाचा शाफ्ट कुठे घ्यावा, कचरा डेपोचे पाणी कोणत्या दिशेला झिरपले, किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारे पाणी कुठवर आले, हीही याच शाखेची कामे. यात बिल वेळेवर निघते आणि अहवाल कोणीतरी वाचतो. नव्या मुलांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

आता प्रत्यक्ष काम. महाराष्ट्रात सर्वांत जास्त वापर होतो तो ‘श्लुंबर्जर’ मांडणीच्या व्हर्टिकल साउंडिंगचा, म्हणजे एकाच जागी खाली खोलवर रोधकता कशी बदलते ते मोजण्याचा. एका सरळ रेषेत चार सळया: बाहेरच्या दोन, ए आणि बी, यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन, एम आणि एन, यांच्यात व्होल्टेज मोजायचे. मधला बिंदू जागचा हलत नाही. ए-बी मधले अंतर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचे. निम्मे अंतर, ज्याला फील्डवर सगळे ‘एबी-बाय-टू’ म्हणतात, ते २ मीटरपासून सुरू करून ३, ४, ६, ८, १०, १५, २० असे वाढवत १०० मीटरपर्यंत न्यायचे. म्हणजे २०० मीटर सरळ मोकळी जागा हवी. ऊस उभा असेल तर साउंडिंग होत नाही, हे शेतकऱ्याला आधीच फोनवर सांगावे. चार-पाच माणसे आणि तास-दीड तास लागतो.

एम-एन मधले अंतर ए-बीच्या एक पंचमांशापेक्षा जास्त असू नये. ए-बी लांबत गेले की व्होल्टेज फार कमी होते आणि एम-एन वाढवावे लागते. त्या वेळी त्याच एबी-बाय-टूवर जुन्या आणि नव्या, दोन्ही एम-एनने रीडिंग घ्यायचे. दोन आकडे जवळपास जुळले तर ठीक. मोठी उडी दिसली तर एम-एनखालीच कुठेतरी दगड, जुना चर किंवा भरावाची माती आहे. उडी लपवून रीडिंगचा वक्र (आलेख) गुळगुळीत काढणाऱ्याचा पुढचा अहवाल वाचायची गरज नाही.

एक रीडिंग जवळून पाहू. एबी-बाय-टू ४० मीटर, एम-एन १० मीटर. या अंतरांवरून येणारा गुणांक सुमारे ४९५; व्होल्टेजला प्रवाहाने भागून त्याने गुणले की रोधकता मिळते. व्होल्टेज २० मिलिव्होल्ट आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर असेल, तर रोधकता ९९ ओहम-मीटर. आता घाईत वहीत एम-एन १० ऐवजी २ लिहिला गेला, तर गुणांक २,५०० च्या पुढे जातो आणि ९९ चे ५०० होतात. म्हणजे भेगाळलेल्या खडकाच्या जागी ठणठणीत पाषाण. जमीन तीच, चूक पेन्सिलीची. म्हणूनच वहीत फक्त रोधकता लिहून चालत नाही. एबी, एमएन, व्होल्टेज, प्रवाह हे चारही आकडे वेगवेगळे हवेत, नाहीतर ही चूक नंतर पकडता येत नाही.

मे महिन्यात जमीन इतकी कोरडी असते की प्रवाह जातच नाही. समजा एबी-बाय-टू १०० मीटर, एम-एन २० मीटर आणि प्रवाह जेमतेम ५ मिलिअँपिअर. जमीन ५० ओहम-मीटरची असेल तर मिळणारे व्होल्टेज ०.१६ मिलिव्होल्ट. जवळच्या विजेच्या लाइनचा गोंगाट याहून जास्त असतो, आणि पडद्यावरचा आकडा त्या गोंगाटाचाच असू शकतो. उपाय साधा आहे: ए आणि बीच्या सळया आणखी खोल ठोकाव्यात, भोवती मिठाचे पाणी ओतून दहा मिनिटे मुरू द्यावे, तरी भागले नाही तर प्रत्येक टोकाला दोन-तीन सळया एकत्र जोडाव्यात. पावसाळ्यात उलटी अडचण. प्रवाह भरपूर जातो, पण वायरचे आवरण कुठे सोललेले असेल तर तिथूनच ओल्या जमिनीत उतरतो. तपासायला एक मिनिट लागते: ए ची सळई उपटून वायरचे टोक हवेत लोंबकळत ठेवायचे आणि बटण दाबायचे. मीटरवर तरीही प्रवाह दिसला तर वायर गळते आहे. शंका आलीच तर प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या जोड्या अदलाबदल करून पाहाव्यात. उत्तर तेच यायला हवे.

रेषा कुठून टाकायची यातही बरेच बिघडते. तारेचे कुंपण, जमिनीतली लोखंडी पाइपलाइन, डीपीचे अर्थिंग यांच्या समांतर रेषा टाकली तर मोजमाप त्यांचेच होते. पीव्हीसी पाइपचा फारसा त्रास नाही, पण शेतकऱ्याला विचारावे. जुन्या जीआय पाइपावर माती पडली की तो विसरलेला असतो. उतारावर रेषा आडवी, समपातळीने टाकावी.

वक्र काढला की खरी डोकेदुखी सुरू होते. आपल्याकडे काळी माती आणि चिकण माती १० ओहम-मीटरच्या आत, पाणी धरून असलेला झिजलेला बेसाल्ट साधारण २० ते ४०, भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर त्याच्या थोडा वर, आणि घट्ट पाषाण शंभरीपासून कित्येक शेकड्यांपर्यंत, असा ढोबळ हिशेब धरतात. हे आकडे एकमेकांच्या हद्दीत शिरतात. शिवाय ते जिल्हा ओलांडला की बदलतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात ५ ओहम-मीटरच्या खालचा थर म्हणजे चिकण माती किंवा खारे पाणी. तिथे कमी रोधकतेच्या मागे धावणारा शेतकऱ्याला मीठ काढून देतो. गोंदिया-गडचिरोलीच्या नाइस नावाच्या जुन्या कठीण खडकात ताजा भाग हजाराच्या पुढे जातो आणि बेसाल्टचे कोष्टक तिथे निरुपयोगी ठरते. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडे गाळ इतका जाड आहे की १०० मीटरच्या एबी-बाय-टूने त्याचा तळही लागत नाही.

धुळे-नंदुरबारचे प्रकरण आणखी निराळे. तिथे डाइकची, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या उभ्या भिंतींची, रांगच रांग आहे, बहुतेक पूर्व-पश्चिम. घट्ट डाइक जमिनीखाली बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो, म्हणून त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी बऱ्या चालतात. डाइक स्वतः भेगाळलेला असेल तर पाणी त्याच्यातूनच वाहते. इथे साउंडिंगच्या आधी मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकत्व मोजणारे यंत्र, फिरवावे. रेषा डाइकला आडवी, म्हणजे दक्षिणोत्तर, दर ५ मीटरला एक रीडिंग. दिवसभरात पृथ्वीचे चुंबकत्वच दहा-वीस किंवा जास्त नॅनोटेस्लाने (हे चुंबकत्वाचे माप) बदलते, त्यामुळे ठरावीक वेळाने मूळ जागी येऊन रीडिंग घ्यावे लागते. मोबाइल, किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल आणि बांधावर लावलेली मोटरसायकल या चारही गोष्टी दूर.

वक्र दुहेरी लॉग कागदावर काढतात, म्हणजे दोन्ही अक्षांवर १, १०, १०० अशी पटीने वाढणारी मोजपट्टी असते. आडव्या थरांच्या जमिनीत तो ४५ अंशांपेक्षा जास्त चढूच शकत नाही. ४५ अंशांत चढला तर खाली अतिशय घट्ट पाषाण आहे. त्याहून उभा चढला तर रीडिंग चुकले आहे किंवा बाजूला काहीतरी उभे आहे, डाइक किंवा भिंत. अहवालात असा वक्र छापलेला दिसला की समजावे, करणाऱ्याने पाहिलेच नाही.

दुसरी अडचण संगणकही सोडवू शकत नाही. दोन घट्ट थरांमध्ये पातळ, कमी रोधकतेचा थर असेल तर वक्रावरून त्याची जाडी आणि रोधकता वेगवेगळी कळत नाही, फक्त त्यांचे गुणोत्तर कळते. ५ मीटर जाडीचा १० ओहम-मीटरचा थर आणि १० मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा थर, दोघांचा वक्र जवळजवळ एकच. पहिला लाल गेरूचा असू शकतो, ज्यातून थेंब येत नाही आणि बोअर मात्र ढासळतो. दुसरा पाणी देणारा मुरूम असू शकतो. सॉफ्टवेअर यातले कोणतेही एक उत्तर २ टक्के आरएमएस एरर (मोजलेला वक्र आणि हिशेबाने आलेला वक्र यांतला फरक) दाखवून देईल. एरर कमी म्हणजे मॉडेल खरे, असे मानणारे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. यावर औषध एकच, शेजारच्या विहिरीत डोकावणे. आपल्या जुन्या विहिरींच्या भिंतींवर थर उघडे दिसतात: माती किती फूट, मुरूम किती, गेरू कुठे. आधी एक-दोन किलोमीटरच्या विहिरींची ही पाहणी, पाण्याची पातळी टेपने मोजणे, आणि जमल्यास एक साउंडिंग माहितीच्या विहिरीशेजारी घेणे. यातच सर्वेक्षणाचा अर्धा दिवस गेला पाहिजे. तो वाचवणाऱ्याने खरे तर सर्वेक्षण केलेलेच नसते.

तिसरी मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. ६० मीटरवरची अर्ध्या मीटरची भेग जमिनीवरून केलेल्या साउंडिंगमध्ये दिसत नाही. एबी-बाय-टू १०० मीटर म्हणजे १०० मीटर खोल दिसले, असेही नाही. समजते ते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शापर्यंतचे. अनेक सळयांचे इमेजिंग यंत्र बरेच चांगले चित्र देते, पण ४८ सळया ५ मीटरवर लावल्या तर रेषा २३५ मीटर आणि खोली साधारण ४५ मीटर. तेव्हा ‘१८० फुटांवर एक झरा, ३४० फुटांवर दुसरा, दोन्ही मिळून तीन इंच पाणी’ असे जो लिहून देतो, तो यंत्र कोणतेही वापरत असो, पाणाड्याच आहे. नारळ उभा राहण्याऐवजी आता मोबाइलवर रंगीत चित्र उमटते, इतकाच फरक. मोबाइलला जोडलेली ही यंत्रे प्रवाह सोडत नाहीत. जमिनीतल्या नैसर्गिक आणि विजेच्या लाइनींच्या विद्युतक्षेत्राचा अंदाज घेतात आणि वारंवारतेवरून खोली ठरवतात. त्या खोलीचा आकडा खडकाची रोधकता गृहीत धरून आलेला असतो, म्हणजे जे शोधायचे तेच आधी मानलेले.

आणि आता बोअर. खुणेचा दगड एका जागी, बोअर दुसऱ्या जागी, हे रोजचे आहे. गाडी आत जात नाही, वर तारा आहेत, बांध शेजाऱ्याचा आहे. रुंद मुरमाच्या पट्ट्यात १० मीटर सरकल्याने बिघडत नाही. डाइकच्या कडेला किंवा अरुंद भेगेवर तेवढ्यानेच सगळे हुकते. किती सरकवता येईल आणि कोणत्या दिशेला, हे अहवालात लिहिलेले असावे. केसिंगचे, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून वरच्या भागात घालायच्या पाइपाचेही तसेच. मुरूम १२ मीटर सांगितला असताना पैसे वाचवायला केसिंग ६ मीटरवर थांबवले की पहिल्या पावसाळ्यात बोअर भरतो आणि खापर सर्वेक्षणावर फुटते. शिवाय ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर राज्याच्या भूजल अधिनियमाने, जो १ जून २०१४ पासून लागू आहे, बंधने घातली आहेत. पाचशे-सहाशे फुटांचा सल्ला कागदावर देणाऱ्याने हेही कागदावर लिहावे.

बोअर चालू असताना दर ३ मीटरला भुकटीचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत, खोली लिहून. एका रॉडला किती मिनिटे लागली, धूळ कोरडी की ओली, रंग कधी लाल झाला, पाणी पहिल्यांदा किती फुटांवर आले. शेवटी पाणी मोजायचे ते ९० अंशांच्या व्ही-नॉचने, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेने. ‘दोन इंच पाणी’ म्हणजे खाचेतल्या धारेची उंची दोन इंच, ताशी सुमारे २,९०० लिटर. ‘चार इंच’ म्हणजे ताशी साडेसोळा हजारांच्या आसपास. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त वाढते. एजंटच्या ‘अडीच-तीन इंच असेल’ या बोलण्यात किती पाणी मुरते ते यावरून कळावे. तेही कॉम्प्रेसरने उपसलेले पाणी; टिकाऊ उत्पन्न पंप काही तास चालवून पातळी मोजल्याशिवाय समजत नाही.

ही नोंद सर्वेक्षण करणाऱ्याकडे परत जात नाही, आणि माझ्या मते या व्यवसायाचा मुख्य रोग हाच आहे. बोअर लागला तर पेढे मिळतात, फेल गेला तर फोन उचलला जात नाही. दोन्ही वेळा त्याने सांगितलेले थर आणि निघालेले थर शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. मग वीस वर्षे काम केलेल्या माणसाचा अनुभव म्हणजे वीस वर्षांचे न तपासलेले अंदाज. पाणी लागले तरी अंदाज चुकलेला असू शकतो, आणि बोअर कोरडा गेला तरी थर अचूक सांगितलेले असू शकतात. या शाखेत येऊ पाहणाऱ्याने नोकरी सरकारी असो की खासगी, पहिल्या दिवसापासून अशी दोन रकान्यांची वही ठेवावी. तालुक्यापुरते स्वतःचे कोष्टक त्यातूनच तयार होते. ते कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही.

ग्रामपंचायती आणि पाणीपुरवठ्याच्या योजना हे चित्र बदलू शकतात. सर्वेक्षणाचा मोबदला बोअर लागण्याशी जोडू नये आणि तो बोअरवेलच्या गाडीवाल्याकडून तर मुळीच देऊ नये; खोदलेल्या प्रत्येक मीटरमागे पैसे मिळणाऱ्याने जागा आणि खोली ठरवायची, यात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. अहवालाबरोबर चारही रकान्यांचा रीडिंगचा कागद, वक्र, रेषेची दिशा, अक्षांश-रेखांश आणि जवळच्या दोन विहिरींचे थर मागावेत. फीचा शेवटचा दहावा हिस्सा राखून ठेवावा आणि बोअरची भुकटी पाहून ‘सांगितले ते आणि निघाले ते’ असे एक पान लिहून दिल्यावर द्यावा, पाणी लागो वा न लागो. त्या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जमा व्हावी.

आपला,
भूभौतिक सर्वेक्षणात काम करणारा एक वाचक
छत्रपती संभाजीनगर